वेर्नुसाकचं माझ्या नावाचं थिएटर

२ एप्रिल
कॅफेत कुणीतरी टाकून गेलेल्या पेपरात बातमी. वेर्नुसाक, म्हणजे माझं जन्मगाव, तिथल्या सिनेमागृहाला माझं नाव देणार. ओक्ताव्ह देलेस्ताँ सिनेमा! चौदाला पाटीचं अनावरण. आमच्याकडे जिवंत माणसाचं नाव इमारतीला देत नाहीत. माझ्यासाठी नियम मोडला. आमंत्रण नाही, म्हणजे मला चकित करायचा बेत असणार. आपणही न कळवताच जायचं.

३ एप्रिल
एजंट ओदिलला सांगावं का? नको. थोर नटाने एजंटला फोन करायचा नसतो, एजंटने नटाला करायचा असतो. गेली काही वर्षं तिने केलेला नाही. मोठ्या रोलसाठी मला राखून ठेवलंय. बाई धोरणी.

५ एप्रिल, सकाळ
मखमली कोट काढला. बटणं लागत नाहीत. मखमल आटते. संकल्प: चौदापर्यंत चीज वर्ज्य.

५ एप्रिल, संध्याकाळ
कामांबेर चीज उघडलेलंच होतं. अन्नाचा अपमान नको. संकल्प उद्यापासून.

९ एप्रिल
भाषण तयार. विषय: विनय. तासभर चालतं.
चीजवाली मादाम रुसेल म्हणाली, तुम्ही त्या देलेस्ताँसारखे दिसता, फक्त तो देखणा होता. 'होता' म्हणाली. रसिक मंडळी भूतकाळात रमतात.
(तिच्याकडे मी केवळ चौकशीला गेलो होतो. पाव किलो घेतलं.)

१५ एप्रिल, वेर्नुसाक, लॉजवर
कालचं लिहून टाकतो. चौकात गर्दी, बँड, छातीवर तिरंगी पट्टा लावलेले नगराध्यक्ष मस्यू बारो. मी पोचलो तर सगळे माना खाली घालून उभे. एवढा आदर! मग कळलं, मिनिटभर शांतता पाळताहेत. माझ्यासाठीच. मी पुढे होऊन लवून अभिवादन केलं. मागे एक आजी शेजारणीला म्हणाल्या, "नकलाकार आणलाय वाटतं. बारीक तरी आणायचा."
बारो पांढरेफटक. पाटी उघडी पडलेली. नावाखाली दोन सालं. पहिलं जन्माचं. दुसरं माझ्या शेवटच्या सिनेमाचं. बारो ओशाळून म्हणाले, त्यानंतर तुमचं काही कानावर आलं नाही, तेव्हा आम्ही आपलं धरून चाललो. पण नियम म्हणजे नियम. पाटी पोत्यात गुंडाळून तळघरात जाणार. मग माझा हात हातात घेऊन म्हणाले, "जपून राहा, साहेब. आम्हाला अजिबात घाई नाही."
भाषण राहिलं. बँडने फक्त शोकधून बसवली होती, ती वाया जाऊ नये म्हणून वाजवली.

१६ एप्रिल, पॅरिस
सगळा दोष ओदिलचा. नटाची खबर जगाला देत राहणं हेच तर तिचं काम. मोठेपणा बाजूला ठेवून मीच फोन लावला. ठणकावून सांगितलं, ओक्ताव्ह बोलतोय, मी जिवंत आहे, हे उद्याच्या उद्या पेपरात छापून आण. पलीकडे शांतता. वेर्नुसाकच्या त्या मिनिटापेक्षा लांबलेली. शेवटी म्हणाली,
"अहो, मग इतक्या वर्षांत एक फोन तरी करायचात."