उत्तरपक्षाचा गुरुवार

ता. ३, शुक्रवार

चि. वटवटीस,
अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

पत्रास कारण, माझी छत्री. तुझ्या रेडिओवरच्या मुलाखती सुरू झाल्यापासून ती आईच्या खिडकीत उलटी टांगलेली आहे. रेडिओची तार छत्रीच्या काड्यांना गुंडाळली की तुझा आवाज स्वच्छ येतो, एरवी तो तळणीतून आल्यासारखा येतो, हा शोध आईचा. सुतळीची गाठही तिचीच. ती सोडवणं माझ्यासारख्या संस्कृताच्या मास्तराच्या आवाक्याबाहेरचं आहे. मी समास सोडवतो. त्यांना निदान नियम असतात. आज भर उन्हात उघड्या टकलाने शाळेत गेलो आणि वर्गाने माझ्याकडे डोळे किलकिले करून पाहिलं.

कालचे तुझे पाहुणे ऐकले. आधी औषधांचं दुकान चालवलं, आता औषधंच नकोत म्हणतात. घरात मी त्यांचं नामकरण गोळीत्यागी महाराज असं केलं आहे. रक्तदाबाच्या गोळ्या ही नुसती लावलेली सवय आहे, शरीराला विश्रांती द्या, ते आपलं आपण सावरतं, असं ते तासभर सांगत राहिले आणि तू हूं की चूं केलं नाहीस. भिंतीवरचं घड्याळ पुढे आहे की मागे यावरून आल्यागेल्याशी भांडणारी तू! आई तर भारावून गेली. पोरीने एकदाही टोकलं नाही बघ, असं सुनेला दोनदा सांगून झालं.

या गृहस्थांना उत्तर कधी देणार, ते कळव. आईही त्याच गोळ्यांची गिऱ्हाईक, म्हणून विचारतो.

लोभ आहेच. तो माझ्या छत्रीपेक्षा जास्त दिवस हाताशी राहो.

तुझा
दादा


ता. ८, बुधवार

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

छत्रीबद्दल दिलगीर आहे. टकलाबद्दल नाही, ते माझ्या मुलाखतींच्या आधीपासूनचं आहे.

टोकलं नाही, कारण तो या कार्यक्रमाचा नियमच आहे, आणि नियम तुझा आहे. जेवताना मी कडकडून भांडायला लागले की तू म्हणायचास, आधी पूर्वपक्ष मांड. समोरच्याचं म्हणणं त्याच्यापेक्षा चांगलं मांडून दाखव, मग तुझा उत्तरपक्ष. बाकीच्या केंद्रांवर माणसाला बोलावतात आणि पहिल्या वाक्यालाच त्याच्या अंगावर धावून जातात. आमच्याकडे एका गुरुवारी एक बाजू, पूर्ण; पुढच्या गुरुवारी दुसरी, तितकीच पूर्ण. ज्याला कुठेच खुर्ची मिळत नाही त्याला इथे मिळते. शिंप्याच्या दुकानावरची ही खोली, भिंतींना ठोकलेल्या जुन्या गाद्या आणि खाली तासभर मशीन थांबवून बसणारा शिंपी, एवढ्या भांडवलावर हे चाललंय.

फक्त या वेळी घोळ झालाय. उत्तर द्यायला हृदयाचे एक मोठे डॉक्टर येणार होते. त्यांनी आता नाही म्हणून कळवलं. असल्या माणसाने तापवलेल्या खुर्चीत आपण बसणार नाही म्हणे. दुसरे कुणी मिळेपर्यंत उद्या परीक्षा बंद करा म्हणणाऱ्या बाई आहेत. तुला त्या आवडतील. तुझ्या विद्यार्थ्यांना तर फारच.

आईला तपासायला नेलंस का? वहिनीला नमस्कार. रागावू नये, आणि रागावलास तरी लिहीत राहावं.

तुझी
वटवट


ता. १४, मंगळवार

चि. वटवटीस,
अ. उ. आशीर्वाद.

आज विनोद सुचत नाही.

तुझ्या वहिनीने आईच्या उशाखालची चादर बदलताना गोळ्यांची पाकिटं पाहिली. त्या गुरुवारपासून एकही गोळी फुटलेली नाही. आईला विचारलं, तर अगदी शांतपणे म्हणाली की टाकल्या नाहीत, विश्रांती दिली आहे. मी समजावलं, मग आवाज चढवला, मग डॉक्टरांचं नाव घेतलं. तिचं एकच उत्तर. वटवट खोटं कधी ऐकून घेत नाही. शाळेच्या मुख्याध्यापकांना तिने भर सभेत उभ्याउभ्या सुधारलं होतं. तो माणूस चुकीचं बोलत असता तर ही पोर तासभर गप्प बसली असती का?

जगातल्या इतर श्रोत्यांनी तुझं गप्प राहणं सौजन्य समजलं असेल. आईने ते प्रमाणपत्र समजलं, कारण ती तुला ओळखते. पूर्वपक्ष, उत्तरपक्ष सगळं सांगून पाहिलं. ते तुझं पुस्तकातलं, म्हणाली.

चेहरा लाल दिसतो. दुपारी डोकं धरून बसते आणि ऊन फार आहे म्हणते. तू काहीतरी कर. मी मास्तर आहे. माझं घरात कोण ऐकतं?

दादा


ता. १७, शुक्रवार

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र काल मिळालं, तशी लगेच आईला फोन केला. रडले, ओरडले, शपथ घातली. ती म्हणाली की हे तुला दादाने पढवलंय. रेडिओवर होतीस ती खरी तू. आता सांग, मी तिला कुठून गाठू?

रेडिओवरूनच. गोळीत्यागी महाराजांना मी येत्या गुरुवारी परत बोलावलंय आणि ते आनंदाने येताहेत. या वेळी मी त्यांना टोकणार आहे. शेजारी सरकारी दवाखान्यातल्या एक डॉक्टरीणबाई असतील, त्यांना खुर्चीचं सोवळं नाही. आमचा यंत्र सांभाळणारा बिथरलाय. म्हणतो, ताई, कुणालाही मध्ये तोडायचं नाही एवढ्या एका शब्दावर लोक इथे येतात. तो मोडलात तर उद्या कोण येईल? खरं आहे त्याचं. न येवोत.

तोवर आईला कसंही करून गोळी दे. दुधातून दे, खोटं बोल, माझं नाव घे. आणि दादा, छत्री काढू नकोस. गुरुवारी माझा आवाज नीट आला पाहिजे.

घाबरलेली,
वटवट


ता. २५, शनिवार

चि. वटवटीस,
अनेक आशीर्वाद.

छत्रीची तक्रार मागे घेतो.

गुरुवारी आई वेळेआधीच खिडकीशी बसली होती. तू पहिल्यांदा महाराजांना तोडलंस तेव्हा ती दचकली. चौथ्या वेळी हसायला लागली, आणि सुनेला म्हणाली की आता कुठे घरचा आवाज लागला. तुमचं ऐकून गोळ्या सोडलेल्यांचं पुढे काय होतं हे तुम्ही पाहता का, असं तू विचारलंस. ते म्हणाले, तक्रार घेऊन अजून कुणी आलेलं नाही. त्यावर तू म्हणालीस की त्यांतली एक माझी आई आहे, ती आत्ता खिडकीशी बसून ऐकते आहे, आणि त्या दिवशी मी गप्प बसले ते मला पटलं म्हणून नव्हे. आईने घाईघाईने केस सारखे केले, जणू तू तिला पाहतच होतीस. डॉक्टरीणबाईंचं सगळं ऐकून घेतलं. रेडिओ बंद केला, पाणी मागितलं आणि आमच्यासमोर गोळी घेतली. तुझ्या वहिनीने मला डोळ्यांनीच विचारलं, झालं ना आता? मीही मान हलवली.

आज सकाळी छत्री खाली पडली. गाठ सुटली होती. आई उठली, सुतळी घेतली आणि बांधायला लागली. उजव्या हाताची बोटं सुतळीवर टिकेनात. दोनदा निसटली, तिसऱ्यांदा तिने ती माझ्या हातात दिली आणि म्हणाली की सुतळी झिजली आहे, नवी आण. सुतळी तीच आहे. अजून करकरीत आहे.

हे पत्र दवाखान्याच्या बाकावर लिहितो आहे. आईला आत नेलंय. तुझी वहिनी तुला फोन करेल आणि काळजीचं काही नाही असं सांगेल. तसं सांगायला मीच सांगितलं आहे. ते खोटं आहे. फोनवर माझा आवाज तू ओळखला असतास, म्हणून हे तुझ्याकडे जाणाऱ्या एकाच्या हाती देतोय.

छत्री माझ्याजवळ आहे. घरून निघताना सवयीने उचलली. ती मला नको आहे. मला भीती वाटते, वटवटे. ये.

दादा