चाकातला दोर

आबा,

काल माझ्या नातीने घराच्या पडवीत सायकली ठेवायची सोय केली. आपल्या नेवाशाच्या घरासारखी पडवी नव्हे ही, सिमेंटची आहे, खाली फरशी, दिवा लावला की लख्ख. तिने भिंतीला हुक ठोकले, पाने लहानमोठे लावून ठेवले, पंक्चरचं सामान बिस्किटाच्या डब्यात भरलं आणि कमरेवर हात ठेवून म्हणाली, "आजी, बघ माझं वर्कशॉप." सगळं झालं, पण तिसरी सायकल काही केल्या बसेना. मग मी उठले. कपडे वाळत घालायची दोरी काढली, छताच्या कडीतून ओवली आणि तुमची ती झोळी बांधली, एक फास पुढच्या चाकाला, एक सीटखाली. एका हाताने ओढलं की सायकल वर. माझ्या बोटांना सगळं आठवत होतं. तोंडाने सांग म्हटलं असतं तर जमलं नसतं. पोरगी बघतच राहिली. "हे कोणी शिकवलं तुला?" तिने विचारलं, आणि मी खाटेवर जाऊन बसले, कारण जवळजवळ हाच प्रश्न मला पूर्वी एकदा एका मोठ्या माणसाने विचारला होता. मी त्याला काय उत्तर दिलं ते तुम्हाला ठाऊक नाही. ते सांगायचं म्हणून लिहायला बसले आहे. पण ते शेवटी सांगेन. आधी बाकीचं, कारण ते आठवताना मला अजून हसू येतं.

दुसऱ्या महायुद्धाचे, लढाईचे दिवस होते. मी एकोणीस वर्षांची, ट्रेनिंग करून नुकतीच मास्तरीण झालेली, आणि शाळा मिळाली ती घरापासून तीन कोसांवरच्या वस्तीवर. तुम्ही बरीच वर्षं नगरला मिशनच्या आवारात शिपाई होतात, तिथल्या सायकली पुसता पुसता त्या दुरुस्त करायला शिकला होतात. मडमबाई मायदेशी निघाल्या तेव्हा त्यांनी आपली बायकी सायकल तुम्हाला दिली, मधला दांडा नसलेली, लुगडं नेसून चालवता येईल अशी. ती तुम्ही नगरहून नेवाशापर्यंत दोन दिवस हाताने धरून, चालत आणलीत. आईने तुमच्या पायांचे फोड बघून कपाळाला हात लावला. "अवो, बसून यायचं न्हाई का?" तर तुम्ही म्हणालात, "पोरीची सायकल हाय. तिच्या आदी म्या कसा बसनार?" मला वाटतं, जन्मात मला मिळालेली सगळ्यात मोठी वस्तू तीच. पुढे घर झालं, पेन्शन झाली, पण तशी वस्तू पुन्हा नाही.

आणि अशा बापाला मी काय म्हणावं? आपल्या घराण्याचा धंदा पिढ्यान् पिढ्या दोर वळण्याचा. मोटेचा नाडा असो की बैलाचा कासरा, गावाला तो आपल्याच हातचा लागायचा, आणि तो द्यायला गेलं की आपण मात्र अंगणाबाहेर उभं राहायचं. आजोबा ख्रिस्ती झाले, तुम्ही चार बुकं शिकलात, मी मास्तरीण झाले, तरी दारात दोरासाठी केकताडाचा वाख वाळत पडलेला दिसला की येणाराजाणारा आपण कोण ते ओळखायचा. नोकरी लागली त्याच आठवड्यात मी म्हटलं, "आबा, आता या घरात दोर वळायचा नाही. मास्तरीणबाईच्या दारात शोभत नाही ते." शोभत नाही! पोर एकोणीस वर्षांची आणि जीभ हातभर. तुम्ही रागावला नाहीत. वळायची लाकडी फिरकी पुसलीत, आढ्याला खोवून ठेवलीत, आणि "बरं माय" एवढंच म्हणालात.

पडवी रिकामी झाली. रिकामी जागा तुम्हाला कधी बघवली नाही, म्हणून तिथे तुम्ही सायकलींचा कारखाना मांडलात. कारखाना कसला, दोन पाने, एक पंप आणि बाभळीच्या आठ खुंट्या. बाकीचं सामान आईच्या स्वयंपाकघरातून यायचं. पंक्चर बघायला परात, टायर उचकटायला उलथनं, चाकातले छर्रे घासलेटात भिजवायला वाटी. आई चुलीपुढून ओरडते आहे, "आता भाकर काय पान्यानं उलटू?" आणि तुम्ही पडवीतून सांगताय, "उलट की, पाना बी चांगला तापतो." एकदा तर आमटीत छर्रा निघाला. आई शरमून पदरात तोंड लपवते आहे, आणि तुम्ही तो बोटाने निपटून ताटाच्या काठावर ठेवलात. "बरं झालं, कालपासनं हुडकीत हुतो," म्हणालात, आणि पुढचा घास घेतलात. मी इतकी हसले की मला ठसका लागला.

पहिलं गिऱ्हाईक पोस्टमन. मग बाजारच्या दिवशी खेड्यांवरून येणारे लोक त्यांच्या सायकली आपल्या पडवीत ठेवू लागले, कारण त्या दिवसांत टायर सोन्यासारखा झाला होता आणि बाजारात उभी केलेली सायकल परत येईतो नुसत्या सांगाड्यावर यायची. आठ खुंट्या भरल्या, तशा तुम्ही उरलेल्या सायकली तुळईला झोळ्या बांधून वर चढवल्यात. एवढ्या दोराला मी काही बोलले नाही. तो जुना होता, नवा वळलेला नव्हता, अशी मी माझ्या मनाची समजूत घातली. बाजारच्या दिवशी पडवीत शिरलं की डोक्यावर चाकंच चाकं, वारा आला की हळूच फिरणारी. आई म्हणायची, "ह्यांनी घरात जत्रा टांगली."

पण ट्यूबा मिळेनाशा झाल्या. नगरला जाऊन तुम्ही रिकाम्या हाताने आलात, तेव्हा माझ्या पुढच्या चाकाच्या ट्यूबला ठिगळावर ठिगळ होतं आणि मूळ ट्यूब कुठली हे शोधावं लागत होतं. वाटेत ती दोनदा बसली, दोनदा मी शाळेत उशिरा पोचले, आणि वरून चिठ्ठी आली. सोमवारी दिपोटीसाहेब शाळा तपासायला येणार. बाई वेळेवर हजर नसतील तर वस्तीवर पुरुष मास्तर नेमण्यात येईल. मी ती चिठ्ठी चुलीपुढे वाचून दाखवली आणि रडले. तुम्ही ती माझ्या हातातून घेतलीत, घडी करून कोनाड्यात ठेवलीत. मग म्हणालात, "माय, एक इचारू का? रागावू नको. चाकात हवाच लागती आसं कुटं हाय? कायतरी भरलं पायजे, येवडंच ना?"

तुम्ही आढ्याकडे बघत होतात. मला कळलं. नोकरी जाईल ही भीती एका बाजूला, आणि दारात दोर दिसेल ही दुसऱ्या बाजूला. मी म्हटलं, "दार लावून करा."

तुम्ही दार लावलंत. शुक्रवारी संध्याकाळी दोघं आत, आई एक टोक धरून, तुम्ही फिरकी घेऊन. कुदळीच्या दांड्याएवढा जाड दोर वळून टायरमध्ये ठासलात. शनिवारी सकाळी मी निघाले, सायकल अशी चालली की वाटलं हवा म्हणजे देवाने माणसाची केलेली फसवणूकच. सकाळची शाळा, सायकल अंगणात उन्हात उभी. परत येताना मात्र अर्ध्या वाटेत चाक खडखडू लागलं, आणि ओढ्याच्या उतारावर खडखडून ढिलं झालेलं पुढचं चाकच, टायर-दोरासकट, चिमट्यातून निसटून माझ्या पुढे धावत गेलं. मी धुळीत बसलेली आणि चाक आपलं ओढ्याकडे निघालेलं. घरी येऊन मी ते तुमच्या पुढ्यात टाकलं. तुम्ही दोर बोटांत धरलात, पिळून बघितलात, आणि खो खो हसायला लागलात. "आगं, चुकलंच! बाज समजून भरला गं म्या!"

बाज विणताना दोर भिजवून घ्यायचा, ही तुमच्या हाताची सवय. ओला दोर फुगलेला असतो, उन्हाने वाळला की बारीक पडतो. बाज सैल पडली तर पायथ्याची दोरी ओढून ताणता येते. "चाकाला पायथा कुटून आनू?" असं म्हणून तुम्ही पुन्हा हसलात, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, आणि रडवेली मीही हसले, आणि आतून आई विचारत राहिली की झालं तरी काय.

त्याच दुपारी तुम्ही दुसरा दोर वळलात. कोरडा, एरंडेल चोळलेला, पाणी शिरू नये म्हणून. दोन्ही टोकं उसवून एकमेकांत अशी गुंफलीत की जोड कुठे आहे ते मला शेवटपर्यंत सापडलं नाही. मी दाराच्या फटीतून बघत होते. आई म्हणाली, "गाठ मारा की, झालं." तुम्ही म्हणालात, "गाठ मारली तर दर फेऱ्याला साऱ्या अंगाला कळंल. मास्तरीन बसनार हाय वर, ज्वारीचं पोतं न्हाई." दार बंद होतं, कारण मी सांगितलं होतं. आत उकाडा होता, तुमचा सदरा पाठीला चिकटला होता, आणि तुम्ही गुणगुणत होतात. दोर हातात नसताना तुम्ही कधी गुणगुणत नव्हतात, हे माझ्या तेव्हा ध्यानात आलं. रविवारी तुम्ही हत्याराला हात लावला नाहीत. प्रार्थनेहून आल्यावर फक्त एकदा चाक अंगठ्याने दाबून बघितलंत.

सोमवारी मी साहेबांच्या आधी तासभर पोचले. पोरांनी पाढे म्हटले, धडा वाचला, एकाला नकाशावर नेवासा दाखवायला सांगितलं तर त्याने थेट समुद्रात बोट ठेवलं, तरी साहेब खूश होते. शेरा चांगला दिला, नोकरी राहिली. जाताना त्यांची नजर माझ्या सायकलीकडे गेली, त्यांनी वाकून चाक दाबलं.

घरी आले तेव्हा तुम्ही वाटेवरच उभे होतात. नोकरीचं ऐकून आईने माझ्यावरून मीठमोहऱ्या उतरवून टाकल्या. मिशनच्या माणसांनी करू नये ते सगळं तिने त्या दिवशी केलं. मग तुम्ही, उगाच पंप पुसत, विचारलंत, "सायबानं चाक बगितलं का?" मी म्हटलं, "बघितलं." "हात लावला?" "लावला." "कुनी केलं, आसं काय इचारलं का?" मी म्हटलं, "नाही." तुम्ही "आसंल, घाईत आसंल" म्हणालात आणि पंप खुंटीला अडकवलात.

त्या आठवडाभर मला भाकरी गोड लागली नाही. पुढच्या शनिवारी पोस्टमन आपली सायकल घेऊन आला, त्याच्याही चाकात दोर भरायचा होता. तुम्ही सवयीने दार लावायला उठलात. मी आधी उठले, दार सताड उघडलं, आईच्या हातातलं टोक घेतलं आणि अंगणात आले. लांब दोर वळायचा तर एकाने मागे मागे चालावं लागतं. मी शाळेचं इस्तरीचं लुगडं नेसून, भर दुपारी, आळीतून मागे मागे चालत गेले. दोर आपल्या दोघांमध्ये वाढत होता. लोक थांबून बघत होते. कुणीतरी म्हणालं, "मास्तरीनबाई, हे काय?" मी म्हटलं, "माझे आबा दोर वळतात." माझा आवाज जरा मोठाच लागला. तुम्ही फिरकी फिरवत होतात आणि ओरडत होतात, "ताण, माय, ताण! सैल सोडू नको!" आणि गुणगुणत होतात. लढाई संपेपर्यंत आसपासच्या गावांतल्या कितीतरी सायकली तुमच्या दोरावर चालल्या. त्या शनिवारांइतकी सुखी मी पुढे फार थोड्या वेळा झाले.

काल नातीला मी सांगितलं, "माझ्या वडिलांनी शिकवलं." "ते मेकॅनिक होते?" "होते. पण त्याआधी दोर वळणारे होते, आणि चांगले होते." तिने नुसती मान डोलावली आणि म्हणाली, "मग मलाही शिकव की ती गाठ." इतकं सोपं होतं, आबा.

आता ते राहिलेलं. साहेबांनी विचारलं होतं. चाक दाबून ते म्हणाले, "या दिवसांत इतकं घट्ट चाक? कोणी केलं हे, बाई?" आणि मी म्हटलं, "नगरचा एक मिस्त्री आहे." त्यांनी पुन्हा एकदा चाक दाबलं आणि म्हणाले, "मोठा कसबी माणूस आहे हो. त्याला माझा नमस्कार सांगा."

पुढे तुमच्यापाशी किती वर्षं होती, किती शनिवार, आणि मी दोराचं टोक धरून तुमच्या समोरच तर उभी असायची. तुम्ही रागावणारे असतात तर केव्हाच सांगून टाकलं असतं. तुम्ही हसला असतात, म्हणून सांगवलं नाही. हा कागद मी नातीच्या त्या बिस्किटाच्या डब्यात, ठिगळांच्या खाली ठेवते आहे. साहेबांनी तुम्हाला नमस्कार सांगितला होता.