विसर्ग की विसर्जन

ती. ठकुआत्या यांस, भाचा सोमनाथ याचा साष्टांग नमस्कार. आपली व म्हशीची प्रकृती ठणठणीत असेल (दोघींची चौकशी एकाच वाक्यात केली म्हणून रागावू नये, वेगवेगळी केली असती तर आधी कोणाची, हा पेच होता). आंबवड्याला फोनही करता आला असता. पण फोनवर आपण बोलता आणि मी ऐकतो. आज मला बोलायचे आहे, म्हणून पत्र.

भाटघरचे धरण भरत आले आहे. पाणी सोडले की आपल्या माहेरची खालची आळी, म्हणजे नदीकडची नऊ घरे, सर्वांत आधी भिजणार. ती माणसे वेळेत वर शाळेत कशी पोचतील, याची रंगीत तालीम घ्यायचे ठरले. गावाच्या आपत्ती समितीत मीही आहे. (संस्कृतच्या मास्तरचे आपत्तीत काय काम? सरपंच धनाजी, माझाच विद्यार्थी, सभेत म्हणाला, "सरांच्या तासाला बसल्यात त्या समद्यांना आपत्तीचा सराव हाय.") भोंग्यावरून द्यायची सूचना मी लिहिली: 'जलाशयातून विसर्गास प्रारंभ होत आहे. तीरवासीयांनी सत्वर उच्चस्थानी गमन करावे.' संधी, समास, सगळे निर्दोष. विसर्ग म्हटले की मला अक्षरापुढची दोन टिंबे दिसतात, धरणावरच्यांना उघडलेले दरवाजे. पण दिवस गौरीपूजनाचा, घरोघरी पुरण शिजत होते. भोंगा खरखरला आणि गावाने ऐकले, विसर्जन!

खालची आळी जागची हलली नाही (नदी दारातच, घाई कसली?). वरची आळी, जिला पाण्याचा काडीमात्र धोका नाही, ती मात्र गौरी उचलून थेट नदीवर उतरली. साळूबाई हातातल्या उलथन्यासकट माझ्यासमोर उभी. "मास्तर, गौर अजून जेवली न्हाई आन् तुमी तिला पाण्यात घालाया निघालात व्हय?" तालुक्याहून पाहणीला आलेल्या अजितरावांनी वहीत लिहिले, 'प्रतिसाद उत्तम. दिशा उलट.'

खरी अडचण आपल्या बालमैत्रीण फुलाबाई. खालच्या आळीत त्यांचा शब्द चालतो, आणि त्या उंबऱ्यात बसून म्हणाल्या, "पाणी दर साली पायरीपतुर येतंय, नमस्कार करून जातंय. म्या न्हाई हलायची." त्या हलल्या नाहीत तर आळी हलत नाही, आणि खरे पाणी तालीम घेत बसत नाही. एवढी काळजी सोडली तर मी मजेत आहे. त्यांच्याकडेच चार पुरणपोळ्या खाल्ल्या.

आपला आज्ञाधारक,
सोमनाथ

ता. क. पत्राचे खरे कारण असे की, भोंग्यासाठी आपला आवाज हवा आहे. आपण एकदा रस्त्यापलीकडच्या म्हशीला हाक मारलीत आणि एसटी थांबली, हे धनाजीने सभेत सांगितले. ठराव एकमताने झाला. शब्द आपलेच असावेत. मी एकही सुचवणार नाही. शनिवारी यावे.

दुसरा ता. क. (दोन दिवसांनंतर) यायची गरज उरली नाही. पत्र टपालात पडण्याआधीच आज सकाळी पाणी सोडत असल्याचा निरोप आला. गौरीपूजनाला आम्ही वर आंबवड्याला जेवायला आलो नाही म्हणून आपण काल फोनवर झाडलेत, ते माझ्या मोबाईलमध्ये आपोआप रेकॉर्ड झालेले निघाले. धनाजीने तेच भोंग्याला लावले. "मुडद्यांनो, वर येताय का म्या येऊ खाली?" सोळा मिनिटांत आळी रिकामी. फुलाबाईंचे यजमान गेनबा तर डोक्याला साबण तसाच ठेवून शाळेत पोचले. पाणी आले, अंगणे धुऊन गेले. माणसे, गुरे, सगळी सुखरूप.

फक्त भोंगा वेळेवर बंद करायचा राहिला. "जेवलास कुठं? फुलीकडं? तिच्या पुरणात कधी गूळ असतोय का?" हे आपले पुढचे वाक्य नदीपलीकडेही स्वच्छ ऐकू गेले. फुलाबाई उंबऱ्यातून उठल्या त्या नेमक्या याच वाक्याला. सध्या त्या शाळेच्या ओट्यावर बसून मला विचारत आहेत, आंबवड्याची एसटी किती वाजता आहे.