प्रभूच्या घरासाठी आलेला राग

चि. सौ. धाकटीस,

दादाचे प्रभूमध्ये आशीर्वाद. तुझी कंबर कशी आहे? (पत्र बसूनच वाच, पुढे तुझ्या नवऱ्याचा विषय आहे.) आम्ही ठणठणीत. माझा आवाज तर चर्चच्या शेवटच्या बाकापर्यंत अजून खणखणीत पोचतो.

रविवारी काय घडलं ते दुसऱ्या कुणाकडून तिखटमीठ लावून कळण्याआधी माझ्याकडून ऐक. शास्त्रपाठ वाचावा तर मीच, हे माझं वाईट चिंतणारेही मान्य करतात. म्हणून नवं वाचनमेज माझ्याच मापाचं करायचं ठरलं आणि काम दिलं घरच्याच सुताराला, म्हणजे तुझ्या यजमानांना. पाठ होता रागावरचा: भावाला मूर्ख म्हणणाऱ्याची गाठ थेट नरकाग्नीशी. मी मेजामागे उभा राहिलो आणि मंडळीला माझं फक्त कपाळ दिसलं. गाणाऱ्या पोरी फिदीफिदी हसल्या. मी पाठ पूर्ण केला (एकही उच्चार चुकला नाही), शास्त्र मिटलं आणि पहिल्या बाकावरच्या मेहुण्यांना सर्वांदेखत 'बिनडोक' म्हणालो. मूर्ख म्हणालो नाही, हे ध्यानात घे. (माप देताना मी छाती काढून, टाचा उचलून उभा होतो, हे खरं. पण इतक्या वर्षांच्या सुताराला टाचा दिसू नयेत?)

मग पाळकसाहेबांनी आत बोलावलं. मी म्हटलं, प्रभूनेही मंदिरातल्या सराफांचे चौरंग उलथले होते, माझाही राग देवाच्या घरासाठीच. ते शांतपणे म्हणाले, "प्रभू रागावले ते दुसऱ्यांसाठी. तुम्ही रागावलात ते स्वतःच्या नाकासाठी. आधी मेहुण्यांशी समेट करा, मग शास्त्राला हात लावा." तोवर वाचणार कोण, तर तोंडातल्या तोंडात पुटपुटणारा तो शिंपी. (हा अपमान नव्हे, वर्णन आहे.)

मी घाबरलोय असं समजू नकोस. पण वाचन गेलं तर मिरवावं असं माझ्याकडे दुसरं काही नाही, हे तुला ठाऊक आहे.

तुझा,
दादा

ता. क. मेहुणे अजून रागावलेत का, सहज विचारून बघ. मी विचारायला लावलं असं सांगू नकोस.

आणखी एक ता. क. पाकीट चिकटवणार तोच चर्च झाडणाऱ्या मावशी सांगून गेल्या, की मेहुण्यांनी आज येऊन मेजाचे पाय कापले आणि ते माझ्या खऱ्या उंचीला आणून ठेवलं. माझ्याबद्दल चकार शब्द काढला नाही. आता रागवायला काही उरलंच नाही, माफी मागावीच लागणार. हे पत्र हातोहात पाठवतोय, उद्या संध्याकाळी येतो. तू तेवढा वेळ स्वयंपाकघरात थांब. धाकट्या बहिणीसमोर दादाला ते जमायचं नाही.