भट्टी म्हणते पंधराशे

४ फेब्रुवारी, मंगळवार

पुन्हा फसलं!

भट्टीचं दार उघडलं. माझ्या चकत्या आत आरामात बसलेल्या – पांढऱ्याफटक, खडूसारख्या, आणि मापापेक्षा मोठ्या. झिर्कोनिया, म्हणजे दातांवरच्या क्राउनसाठी वापरतात ती पांढरी सिरॅमिक, भाजला की आकसतो, जवळजवळ पाचव्या हिश्श्याने. म्हणून कच्ची चकती मोठी कापायची, म्हणजे भट्टीतून ती बरोबर मापाची होऊन येते. असं पुस्तकात आहे. माझ्या चकत्यांनी पुस्तक वाचलेलं नाही.

सुब्रमण्यम सरांना दाखवल्या. सर आमचे विभागप्रमुख आणि माझे गाइडही – एकाच माणसाला दोनदा घाबरायचं. चष्म्यावरून बघून म्हणाले, मोजताना चूक झाली असेल. अर्थात. दातांची डॉक्टर झाले, आता एमडीएस संपत आलं, पण मिलिमीटर अजून यायचे आहेत.

६ फेब्रुवारी

हरिणीने विचारलं, रोज काय खरडतेस? ही माझ्याच वर्गातली, शेजारच्या टेबलावरची. वही पुढे धरली. देवनागरी बघून तिला वाटलं श्लोक आहेत – डोळ्यांना लावून परत दिली!

अप्पांची कृपा. तंजावूरच्या मराठी घरांतून माझ्या वयाची मुलं मराठी बोलतात तीच अर्धी तमिळमधून. लिहिणं तर दूरच. माझ्याकडून मात्र वडिलांनी उन्हाळ्याच्या सुट्टीत बाराखडी गिरवून घेतली. तेव्हा रडले. आता सरांच्या नाकासमोर सरांबद्दल लिहिते, आणि मन लावून अभ्यास करते म्हणून ते खूश होतात.

११ फेब्रुवारी

नवीन चकत्या. कापल्या, भाजल्या, जाड पॉलिशपेपरवर घासल्या, मग बारीक, मग त्याहून बारीक. बोटांच्या रेषाच गेल्या. हजेरीचं यंत्र मला ओळखत नाही. यंत्राच्या मते मी आठवडाभर गैरहजर आहे, आणि प्रबंधाकडे बघितलं तर मलाही तसंच वाटतं.

मग तोडायची चाचणी. चकती तीन छोट्या गोळ्यांवर ठेवायची आणि वरून दाब वाढवत न्यायचा. दाब वाढायच्या आधीच कटकन गेल्या, एकीमागून एक. याच भट्टीत मुरलीनेही चकत्या भाजल्या होत्या. मुरली आमचा सीनियर, आता चेन्नईत. त्याच्या चकत्या म्हणजे कातळ. त्याचा पेपर सरांच्या खुर्चीमागे चौकटीत लावलाय, हार तेवढा घालायचा राहिलाय.

सर म्हणाले, पॉलिश करताना तूच चिरा पाडल्यास. टाकून दे, नव्या कर.

१२ फेब्रुवारी

टाकल्या नाहीत. डबीत घालून घरी आणल्या. अम्माने डबी उघडून विचारलं, ह्या जेवणाआधी घ्यायच्या की नंतर?

१८ फेब्रुवारी

आज सुंदरी टीचर आल्या. तिरुवैयारूला मुलींना गाणं शिकवतात. सहा महिन्यांपूर्वी हरिणीने त्यांच्या दाढेवर क्राउन बसवला होता, त्याचे दोन तुकडे हातरुमालात बांधून आणले. हरिणीने ठरलेला प्रश्न विचारला – काही कडक खाल्लंत का? मुरुक्कू? ऊस?

"दहीभात," टीचर म्हणाल्या.

पुढचा दात असता तर शिकवणंच बंद पडलं असतं, हेही त्यांनी शांतपणे सांगितलं. हरिणीने पुन्हा माप घेतलं. नवीन क्राउन तीन मार्चला.

मी ते तुकडे उजेडात धरले. पांढरेफटक. खडू. हा रंग मी ओळखते. महिनाभर बघतेय.

माझ्या चकत्या आणि पेशंटचे क्राउन एकाच भट्टीत भाजतात. आजवर याचा मी विचारच केला नव्हता.

२० फेब्रुवारी

मुरलीला फोन केला. माझे आकडे ऐकून आधी हसला. मग हसायचा थांबला. म्हणाला, त्याच्या वेळी भट्टी नवी होती. तापवणाऱ्या कांड्या जुन्या झाल्या, सेन्सर सरकला, तर पडदा पंधराशे अंश दाखवतो आणि आत काहीही असतं.

तपासणीच्या कड्या मिळतात. त्या चकत्यांबरोबर भट्टीत ठेवायच्या. किती आकसल्या त्यावरून आत खरी उष्णता किती पोचली ते कळतं. त्याच्याकडे उरलेल्या आहेत, कुरिअरने पाठवतोय. तीन वर्षं ज्याच्यावर जळले तो माणूस चांगला निघाला. फारच गैरसोय!

२४ फेब्रुवारी

कड्या तीन जागी ठेवल्या – पुढे, मध्ये, मागे. संध्याकाळी काढल्या, मोजल्या, हरिणीकडूनही मोजून घेतल्या (मला मिलिमीटर येत नाहीत ना).

पडद्यावर पंधराशे. आत तेराशेच्या थोडं वर.

हरिणी स्टुलावर बसून बोटं मोजू लागली. गेल्या वर्षभरात तिने किती जणांना क्राउन बसवले ते आठवत असावी.

२५ फेब्रुवारी

सरांना सांगितलं. कड्या, तक्ता, सुंदरी टीचरांचे तुकडे, सगळं टेबलावर मांडलं. सरांनी कड्या स्वतः मोजल्या. मग परत मोजल्या.

"आत्ता कुणाशी बोलू नकोस," एवढंच म्हणाले. कड्या खिशात घातल्या आणि गेले.

वा! एक यंत्र खोटं बोलतं, एक विभागप्रमुख गप्प बसतो, आणि मधल्यामध्ये तंजावूर जिल्हा दहीभात खातोय. पुढच्या वर्षी आणखी एक पेपर चौकटीत लागेल. जागा आहे भिंतीवर.

२६ फेब्रुवारी, महाशिवरात्र

सुट्टी. मोठ्या देवळात नाट्यांजलीचा नृत्योत्सव, रस्त्यावर पाय ठेवायला जागा नाही. मी घरीच.

अप्पांना सगळं सांगितलं. ओरत्तनाडूच्या सरकारी ऑफिसात त्यांचा जन्म गेला. साहेब गप्प बसतात म्हणजे काय हे त्यांना शिकवावं लागत नाही. मी म्हटलं, सरांची सही नसेल तर प्रबंध नाही, प्रबंध नसेल तर डिग्री नाही. ते पेल्यातली गरम कापी फुंकत राहिले.

"सोमवारी ती टीचर येईल," शेवटी म्हणाले. "तिला तू काय सांगणार?"

अम्मा म्हणाली, एवढं शिकून शेवटी भट्टीच! तिच्या मते मी डॉक्टर आहे की कुंभार, हे अजून ठरायचंय.

२८ फेब्रुवारी

सर तीन दिवस विभागात नाहीत. रजा. भट्टी चालू आहे. हरिणीने टीचरांचा क्राउन आत घातला नाही, तब्येत बरी नाही सांगून ती घरी गेली. शूर मुलगी. उपरोध नाही – खरंच.

२ मार्च, रविवार

ठरलं. उद्या आधी प्राचार्यांकडे. डिग्री गेली तर अम्माचं तरी उत्तर मिळेल – कुंभार.

३ मार्च, सोमवार

प्राचार्यांकडे गेले नाही. भट्टीची वायर काढलेली. आणि पेशंटच्या खुर्चीत सर, गळ्यात बिब बांधून.

खालची डावी दाढ. गेल्या दिवाळीत बसवलेला क्राउन, याच भट्टीतला. म्हणाले, तीन दिवस जुने पेशंट शोधत होतो, पण बोलवून त्यांना नेमकं काय सांगायचं ते ठाऊक नाही.

"आधी माझा काप, विनुता."

इंजेक्शन दिलं. चांगला झिर्कोनिया कापताना ड्रिलचं टोक, बर, झिजतो, मनगट भरून येतं. हा पहिल्याच फेरीत उघडला. सरांनी डोळे मिटून घेतले.

मग तसेच उठले, बिबसकट, आणि रिसेप्शनवरचा फोन ओढून जुन्या पेशंटच्या यादीतला पहिला नंबर लावला. अर्धं तोंड बधिर, शब्द नीट उमटत नव्हते. पलीकडच्या माणसाला आवाज ओळखू येईना. "मीच बोलतोय," सर पुन्हा पुन्हा सांगत होते, "डॉक्टर. मीच."