करुणाचा आवाज

नावडे,
१२ जानेवारी १९८४

प्रिय आईस, सुमित्राचा जयभीम.

कॅन्सरचे विजेचे शेक दिवाळीनंतर संपले. आता जेवण जातं, तू काळजी करू नकोस. तुझे गुडघे कसे आहेत? बाबांना पुढचं वाचून दाखवू नकोस.

इथे मला कुणी काही करू देत नाही. झाडू घेतला की सासूबाई हातातून काढून घेतात. मग दिवसभर पडून डुलक्या येतात आणि रात्री डोळ्याला डोळा लागत नाही. डॉक्टर म्हणतात, "पडून राहाल तर थकवा वाढेल, रोज थोडं चाला." सासूबाईंना ते पटत नाही.

परवा आमच्या करुणाच्या बाई घरी आल्या. म्हणाल्या, "पोरगी वर्गात नुसती कुजबुजते. मोठ्याने बोल म्हटलं की रडते." आई, माझी झोप मोडू नये म्हणून घरात सगळे तिला गप्प बसवत होते गं.

काल मीच तिला शाळेत सोडायला निघाले. सासूबाई रागावल्या. वाटेत दोनदा बसावं लागलं. नाल्याजवळ माझा पाय अडखळला, तशी ती केवढ्याने ओरडली, "आई, पडशील!" किती दिवसांनी तिचा आवाज ऐकला. रात्री झोपही लागली.

आज मात्र अंग उचलत नाही. करुणा दप्तर घेऊन दारात उभी आहे. हाक मारत नाही, नुसती बघते आहे. पत्र इथेच ठेवते. उठून बघते.

तुझी लेक,
सुमित्रा