भुऱ्या कडेकडेने का गेला

वटार,
गुरुवार, दुपार

ती. जयवंतीताईच्या पायांशी,

धाकट्या गंगारामचा, गुडघा जितका वाकतो तितका नमस्कार. उरलेला नमस्कार उभ्यानेच केला असे समज. तुझे कानाचे यंत्र दुरुस्त होऊन आले का? आले असेल तर ते डबीत न ठेवता कानात ठेवत जा, डबीला ऐकू येऊन काय उपयोग? भाऊजींचा खोकला कसा आहे? त्यांना म्हणावे, पंखा अगदी डोक्यावर घेऊन झोपू नका. आम्ही इकडे सगळे सुखरूप आहोत. (असे लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिले.)

फोन सोडून पत्र का लिहितोय असे तुला वाटेल. फोनवर तू “काय म्हणालास?” असे इतक्या मोठ्याने विचारतेस की मला त्याहून मोठ्याने सांगावे लागते, आणि ही गोष्ट मोठ्याने सांगण्यासारखी नाही. क्षितिजा घरातच असते. म्हणून पत्र. उद्या शेजारच्या स्टॅनीचा टेम्पो केळी घेऊन नायगावला जातोय, तो वाट वाकडी करून जूचंद्रला आणून देईल. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे, आणि सातवीच्या परीक्षेला मी तापाने आजारी होतो हे तुला ठाऊक आहे. (ताप नव्हता.) माझे प्रत्येक पत्र, प्रत्येक अर्ज ही नातच तपासून देते, ती चौथीत होती तेव्हापासून. हे मात्र तिला दाखवता येणार नाही, तेव्हा चुका पोटात घाल. आणि तुला हे वाचून दाखवायला सूनबाई बसली असेल, तर तिला सांग की कंसातला मजकूर मोठ्याने वाचायचा नाही, तो तू चष्मा लावून स्वतः वाच. (रिद्धी, हे तुलाच सांगतोय.)

तर गेल्या रविवारी बोळिंजच्या मैदानावर कुत्र्यांची अडथळ्यांची शर्यत झाली. तिला ॲजिलिटी म्हणतात. तिथे आपल्या भुऱ्याचे जे झाले त्याचा व्हिडिओ कोणीतरी काढला आणि तो तुमच्यापर्यंत पोचला, हे मला कळले, कारण रिद्धीने क्षितिजाला हसणारी पाच तोंडे पाठवली. (पाच जरा जास्त झाली.) त्यात काय झाले ते दिसते, पण का झाले ते दिसत नाही. ते ठाऊक असलेला माणूस या जगात एकच आहे आणि तो चार दिवस जेवलेला नाही. म्हणजे जेवतोय, पण चव नाही.

आधी शर्यत कशी असते ते सांगतो. मैदानात गुडघ्याएवढ्या उंचीवर आडव्या दांड्या लावतात, त्यांच्यावरून कुत्र्याने उडी मारायची. कापडाचा लांब बोगदा असतो, त्यातून आरपार जायचे. जमिनीत ओळीने उभ्या काठ्या रोवतात, त्यांच्यामधून नागमोडी जायचे. मालकाने बरोबर धावत नुसता हाताने इशारा करायचा, कुत्र्याला हात लावायचा नाही. घड्याळ चालू असते. दांडी पाडली तर गुण जातात, दांडी टाळली तर त्याहून जास्त जातात, आणि मैदानात कुत्र्याला खाऊ दिला तर सरळ बाद. (हा शेवटचा नियम लक्षात ठेव.) हे सगळे ऐकून तुला वाटेल की माणसांना उद्योग नाही. मलाही सुरुवातीला तेच वाटले होते. पण ताई, क्षितिजाने या उद्योगात दीड वर्ष घातले. जितेंद्रच्या बोळिंजच्या फ्लॅटमध्ये दांड्या मांडायला जागा नाही म्हणून पोरगी आईबाप सोडून माझ्याकडे येऊन राहिली. प्लंबरकडचे पाइप आणून तिने स्वतः दांड्या बनवल्या. विरारचा ॲलिस्टर म्हणून या विद्येतला मोठा जाणकार आहे, तो तिला म्हणाला होता की हा गावठी कुत्रा या शर्यतीत नीट पार पडला तर तुला मी माझ्याबरोबर शिकवायला घेतो. तिने तेच करायचे ठरवले होते. बापाच्या डोक्यात बँकेची परीक्षा आणि हिच्या डोक्यात कुत्री. दोघांची बोलणी अशी व्हायची की मध्ये मी बावखलाच्या काठी जाऊन मासे मोजत बसायचो.

आणि मला काळजी. तू म्हणशील, तुला कशाची काळजी नसते? खरे आहे. पण भुऱ्या उडी मारणार, त्याचा पाय मुरगळणार, उन्हाने त्याला चक्कर येणार, लोकांची दृष्ट लागणार, अशी माझी यादी रोज वाढत होती. सुरुवातीला मी सरावाला उभा राहायचो आणि प्रत्येक उडीला तोंडातून “हळू, हळू” असे निघायचे. तिसऱ्या दिवशी क्षितिजाने मला हाताला धरून घरात नेले, टीव्ही लावून दिला आणि सांगितले, “आजोबा, तुम्ही आत बसा. तुमच्या ‘हळू’ने तो घाबरतो.” तेव्हापासून रोज संध्याकाळी पाच ते सहा मी टीव्हीसमोर. म्हणून भुऱ्या पुढे उडी कशी मारायला शिकला हे मी कधी पाहिले नाही. आणि ती सकाळी आठला कॉलेजला जायची, म्हणून सकाळी वाडीत भुऱ्या आणि मी काय करतो हे तिने कधी पाहिले नाही.

(आता हा पूर्ण परिच्छेद कंसात आहे, रिद्धी, तू चहा टाकायला जा. ताई, वाडीत मी दीड वर्ष त्याला उडी न मारायला शिकवत होतो. मुद्दाम नव्हे. आपल्या वाडीत वाफ्यावर पाय पडलेला कोणाला चालायचा? बाबा आपल्याला काय करायचे आठव. विहिरीजवळचे माठाचे आणि मुळ्याचे वाफे तर माझ्या रखमाचे, तिथे कोणाचा पाय पडला तर ती ज्या आवाजात ओरडायची त्याच आवाजात मी आजही ओरडतो. मग कुत्रे कसे चालेल? म्हणून भुऱ्या पिल्लू होता तेव्हापासून मी वाफ्याच्या कडेला उघडी छत्री आडवी धरून उभा राहायचो. तो बांधावरून वळसा घालून आला की खोबऱ्याचा तुकडा. मध्येच उडी टाकली तर तुकडा नाही, वर माझे तोंड वाकडे. पाट ओलांडायचा तो फळीवरून, उडी मारून नाही. पाण्याच्या सिमेंटच्या पाइपात शिरायचे नाही, साप असतो. केळींमधून मात्र कसेही वाकडेतिकडे फिरावे, त्याला माझी हरकत नव्हती. महिन्याभरात तो असा तयार झाला की स्टॅनी कुंपणावरून बघून म्हणाला, “काका, तुमचा कुत्रा चर्चमध्ये उशिरा आलेल्या माणसासारखा कडेकडेने जातो हां!” मला केवढा अभिमान वाटला. क्षितिजा तिच्या कुत्र्याला काय शिकवत असेल ते असो, माझा कुत्रा शहाणा आहे, असे मी मनात म्हणत होतो. कुत्रा दोघांचा एकच आहे हे माझ्या ध्यानात यायला रविवार उजाडावा लागला.)

रविवारी क्षितिजाने मला बजावले होते की मांडवात मागच्या खुर्चीवर बसा आणि पुढे येऊ नका. मी बसलो. पण पुढे एका बाईने एवढी मोठी टोपी घातली होती की मला मैदानाऐवजी टोपीच दिसत होती. भुऱ्याचा नंबर पुकारला. (सकाळी मी त्याची मीठमिरच्यांनी दृष्ट काढली होती, त्यात तो दोनदा शिंकला होता, त्याचाही घोर होताच.) मला राहवेना. मी उठलो, छत्री उघडली आणि मैदानाच्या दुसऱ्या टोकाला, दोरीच्या पलीकडे जाऊन उभा राहिलो. आजूबाजूला ज्यांच्या सात पिढ्या कागदावर लिहिलेल्या आहेत अशी कुत्री, त्यांचे केस माझ्यापेक्षा नीट विंचरलेले. आणि आपला भुऱ्या सुटला! ताई, पहिली उडी, दुसरी उडी, तिसरी. बाण सुटावा तसा. क्षितिजा बाजूने हात पुढे करून धावतेय आणि तिच्या हाताच्या टोकाला जणू तो बांधलेला. लोक टाळ्या वाजवायला लागले. हे असे मी पहिल्यांदाच बघत होतो. माझ्या तोंडातून ‘हळू’सुद्धा निघाले नाही. मग तो वळला आणि त्याला माझी छत्री दिसली.

पुढचे तू व्हिडिओत पाहिलेसच. धावता धावता तो चालायला लागला. चौथ्या दांडीशी आला, माझ्याकडे पाहिले आणि अगदी अदबीने बाजूने वळसा घालून गेला. पाचवीलाही तसेच. क्षितिजा हाका मारतेय, आणि हा बांधावरून चालावे तसा पाऊल मोजत चाललाय. बोगद्यात शिरला नाही. एका तोंडाशी वास घेतला, बाहेरून चालत दुसऱ्या तोंडाशी गेला आणि तिथलाही वास घेतला. (साप नाही ना हे बघत होता.) उभ्या काठ्यांमधून तेवढा नागमोडी सुरेख गेला, एकही काठी चुकवली नाही. पंचबाईंनीसुद्धा मान डोलावली. त्या केळी होत्या ना त्याच्या दृष्टीने. लोक तोवर पोट धरून हसत होते. मग तो सरळ माझ्यापाशी आला, दोरीच्या आत बसला आणि तोंड वर करून बघायला लागला.

(एवढ्यावर थांबले असते तरी नुसते गुण गेले असते. पण ताई, माझा हात खिशात गेला. मी घातला नाही, तो गेला. दीड वर्षाची सवय. खोबऱ्याचा तुकडा भुऱ्याच्या तोंडात गेला आणि शिट्टी वाजली. मी वर पाहिले तर क्षितिजा मैदानाच्या मध्यावर उभी होती. इशाऱ्यासाठी पुढे केलेला हात तसाच होता. खाली घ्यायचा तिला सुचत नव्हते.)

घरी येताना ती रिक्षात मला एक शब्द बोलली नाही असे तुला वाटेल. बोलली. तेच तर वाईट आहे. म्हणाली, “आजोबा, तुम्ही वाईट वाटून घेऊ नका. तुम्ही कीव येऊन खोबरे दिलेत. तोवर सगळे गेलेच होते. माझेच चुकले, मला शिकवताच येत नाही.” ॲलिस्टरने निदान केले की कुत्रा मनाने भित्रा आहे, गर्दीत त्याचा धीर सुटतो. भुऱ्या आणि भित्रा! हा विहिरीवर आलेल्या धामणीला पिटाळून लावणारा कुत्रा. मी दोन वेळा तोंड उघडले आणि दोन्ही वेळा रिक्षावाल्याला डावीकडे वळायला सांगितले. आता तिने दांड्या, बोगदा सगळे ॲलिस्टरला देऊन टाकायचे ठरवले आहे, येत्या रविवारी तो घेऊन जाणार. बँकेच्या परीक्षेचे पुस्तक आणले आहे. जितेंद्र खूश आहे, सून खूश आहे, काल दोघे पेढे घेऊन आले होते. संध्याकाळी पाच वाजता भुऱ्या अंगणात जाऊन दांड्यांपाशी बसतो आणि ती पुस्तकातून मान वर करत नाही. मला आता आत बसायचे कारण उरले नाही, तरी मी जाऊन टीव्हीसमोर बसतो. बाहेर बसवत नाही.

बाकी ठीक. मोगरा यंदा चांगला आहे. भाऊजींना नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

तुझा,
गंगाराम

ता. क. : शनिवारी तू येशील का? सहज आल्यासारखी ये. वाडीत फिर, भुऱ्याला वाफ्याच्या कडेने जाताना बघ आणि क्षितिजासमोर आपणहून म्हण, “अगं, याला उडी न मारायची सवय तुझ्या आजोबानेच लावली!” तू म्हणालीस तर ती ऐकेल. मी तेव्हा बावखलापाशी असेन. तू बोलून झालीस की मला हाक मार. लहानपणी माझ्या हातून पाटी फुटली तेव्हा बाबांना तूच सांगितले होतेस, त्याच धर्तीवर.

ता. क. दुसरा, शुक्रवार : स्टॅनीचा टेम्पो बंद पडला. तो उद्या सकाळीच दुसऱ्याच्या गाडीने जाणार आहे, त्यामुळे पत्र टेबलावरच राहिले. सकाळी क्षितिजाने ते पाहिले आणि नेहमीसारखे विचारले, “तपासू का?” मी नको म्हणायला हवे होते. ताई, मी काहीच म्हणालो नाही. आता ती ओट्यावर लाल पेन घेऊन बसली आहे आणि मी आत या वेगळ्या कागदावर लिहितोय. ती तिसऱ्या पानावर आहे. एकदा हसली, बहुधा चर्चच्या जागी. त्यानंतर हसलेली नाही. भुऱ्या आमच्या दोघांच्या मध्ये उंबऱ्यावर बसून एकदा तिच्याकडे आणि एकदा माझ्याकडे बघतोय.

ता. क. तिसरा, शुक्रवार संध्याकाळ : पत्र परत मिळाले. तेवीस चुका निघाल्या, सगळ्या दुरुस्त केल्या आहेत. ‘कुत्रा दोघांचा एकच आहे’ या वाक्याखाली तिने लाल रेघ मारली आहे, तिथे चूक काय ते लिहिलेले नाही. पाच वाजता बाहेरून हाक आली, “आजोबा, छत्री घेऊन इकडे या. दांडीच्या बाजूला उभे राहा. खिसे आधी रिकामे करा.” मी छत्री उघडून उभा राहिलो. भुऱ्या आला, मला पाहिले आणि वळसा घालून गेला. तिने त्याला परत उभे केले. असे अकरा वेळा. दीड वर्षे मी जे घट्ट शिकवले ते डोळ्यांदेखत अकरा वेळा बघावे लागले. बाराव्या वेळी मला बघवेना. मी छत्री मिटली, डोळेही मिटले. आणि दांडी पडल्याचा आवाज आला.

दांडी पाडली की गुण जातात हे मी तुला वर लिहिलेच आहे. पण ताई, वळसा घालणाऱ्याच्या पायाने दांडी पडत नाही.

उद्या तू नाही आलीस तरी चालेल. आलीस तर मुळ्याच्या वाफ्यांत उमटलेली भुऱ्याची पावले बघून ओरडू नकोस. मीही ओरडलो नाही.